संमतीच्या खोलीतली गाठ

मी हॉस्पिटलात आजारी पडायला जाते. ते माझं काम आहे. कधी माझं आतडं पिळवटतं, कधी पोटात पाणी होतं, एकदा तर माझा पाय गुडघ्याखाली कापायचा होता आणि मी घरून नवे बूट घालून गेले होते. दरवर्षी जुलैत सर्जन व्हायला निघालेली नवी पोरं येतात. त्यांना खऱ्या माणसांवर सोडण्याआधी आमच्यासारख्या खोट्या पेशंटांवर सोडतात. आमच्या सेंट जॉन्स गावात हे काम करणारी आम्ही मोजकीच माणसं, आणि त्यात सगळ्यात चांगलं कण्हते ती मी. आमच्यातलीच मिसेस टक म्हणते, मी नाही, ती. तिला नुसतं रडता येतं. रडणं कोणालाही येतं.

पहिल्या वर्षी ह्या सगळ्या पोरांना एकत्रच हाकतात. पुढे कोणी हाडांचा होणार, कोणी मेंदूचा, कोणी नाक-कान-घशाचा, कोणी लघवीच्या वाटेचा, पण पाया सगळ्यांचा एकच. हात कसे धुवायचे, आणि धुतल्यावर ते वर धरून कुठल्याही दाराला न शिवता आत कसं शिरायचं. टाका कसा घालायचा. रक्ताची चिळकांडी उडाली तर ‘अरे बापरे’ म्हणायचं नाही. आणि पेशंटशी बोलायचं कसं. टाके घालायला डुकराचे पाय देतात आणि बोलायला आम्हाला. डुकराच्या पायाचं बरं असतं, त्याला ऐकून घ्यावं लागत नाही.

एल्डन फ्रीसन ह्याच कळपातला. माझ्या घरी वरच्या खोलीत भाड्यानं राहतो. मॅनिटोबातल्या गव्हाच्या शेतांतून आलेला, ताडमाड, माझ्या प्रत्येक दाराला एकेकदा कपाळ आपटून घरात रुळलेला. त्यांच्याकडे जेवताना बोलत नाहीत म्हणे. त्याचा बाप अधूनमधून फोन करतो, मग दोघं मिळून गप्प बसतात, आणि फोन ठेवल्यावर हा म्हणतो, “घरी सगळं ठीक आहे.”

हात मात्र सोन्याचे. मी कोणाला उगाच चांगलं म्हणत नाही, माझ्या सुनांना विचारा. पण त्याचे हात बघत बसावेत असे. त्यांचे मोठे डॉक्टर, लिअँडर व्हार्डी, यांनी सगळ्यांना पहिल्याच दिवशी बजावलं होतं की गाठ न बघता मारता आली पाहिजे. एका हातानं, डाव्यासुद्धा, गप्पा मारत असताना, अर्ध्या झोपेत. आता बाकीची पोरं असलं ऐकतात आणि विसरतात. हा पडला आज्ञाधारक. खिशात कायम दोऱ्याचं रीळ. बसला की बोटं सुरू. किटलीच्या मुठीला गाठी, ड्रॉवरच्या कड्यांना गाठी, फ्रिजच्या दांड्याला तर गाठींची अशी झालर की पावणी आली की विचारायची, ड्रुसिला, हे काय नवीन? एकदा मी स्वेटर घालून चर्चला गेले. मागच्या बाकावरची बाई ऐन प्रार्थनेत पुढे वाकली आणि कुजबुजली, “ड्रुसिला, तुला शेपूट फुटलंय.” बघते तर मेल्यानं स्वेटरच्या मागच्या काठाला वीतभर गोफ विणला होता.

“हे कधी केलंस?” घरी येऊन मी विचारलं.

“काय?” तो म्हणाला. आणि खरंच त्याला माहीत नव्हतं. आदल्या रात्रीच्या जेवणाला तो माझ्या शेजारी बसला होता, एवढंच.

तर असे हात, आणि जीभ म्हणाल तर लाकडाची. शरदात त्यांची पहिली परीक्षा झाली. हॉस्पिटलच्या एका मजल्यावर ओळीनं खोल्या असतात, प्रत्येक खोलीत एक काम, घंटा झाली की सगळ्यांनी पुढच्या खोलीत सरकायचं. एल्डन सगळ्या खोल्यांत पास झाला आणि एका खोलीत सपशेल आपटला. संमतीच्या. तिथे चाकू नाही, दोरा नाही. पेशंटला ऑपरेशन समजावून सांगायचं, धोके सांगायचे, आणि तिनं राजीखुशीनं हो म्हटलं तर हो लिहायचं. वसंतात सगळ्यांची पुढची परीक्षा होणार होती, त्यात ही खोली परत होती. तिथे पुन्हा पडला तर सर्जरी संपली, गाशा गुंडाळायचा आणि मॅनिटोबा.

“झालं काय होतं त्या खोलीत?” मी त्याला जेवताना विचारलं. खारवलेला कॉड मासा आणि बटाटे केले होते, वर डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे. मॅनिटोबात नसतं असलं काही. तिकडचे मासे गोड्या पाण्यातले, त्यांना चवीचं सोंग येतं फक्त.

“मिसेस टक होत्या पेशंट,” तो म्हणाला. “हर्नियाच्या. मी सगळं सांगितलं. त्या नको म्हणाल्या.”

“मग?”

“मग मी परत समजावलं. आकडे देऊन.”

“मग?”

“परत नको म्हणाल्या. मग मी चित्र काढून दाखवलं.” काट्यानं तो बटाट्यावर हर्निया काढायला लागला. “त्या रडायला लागल्या. मी चित्र आणखी मोठं काढलं. मग घंटा झाली.”

“व्हार्डी काय म्हणाले?”

“त्यांनी लिहून दिलं. ‘पेशंट नको म्हणाली. उमेदवाराला ऐकू आलं नाही.’”

मला हसू आलं, पण मी ते माशाबरोबर गिळलं. पोराचं तोंड एवढंसं झालं होतं.

“पण आजी, बरोबर मीच होतो ना? हर्निया होता. ऑपरेशन करायलाच हवं होतं.”

“बरोबर तर माझा नवराही असायचा,” मी म्हटलं, “काय उपयोग झाला त्याला? घे, आणखी घे.”

“नको. पोट भरलं.”

मी वाढलं.

“आजी, मी नको म्हणालो.”

“ऐकलं मी.”

“मग वाढलंत कशाला?”

“मी सर्जन नाही म्हणून. खा गुपचूप.”

त्या हिवाळ्यात मी त्याला तालीम द्यायला बसले. जेवणं झाली की मी खुर्चीत पेशंट व्हायचे. कधी बहिरी, कधी भांडखोर, कधी नवऱ्याला विचारून सांगते म्हणणारी. तो समोर बसायचा, पाठ सरळ, आणि सुरुवात करायचा, “मला समजतंय की हे तुमच्यासाठी कठीण असेल.” आणि मग टकामका बघत थांबायचा.

“हे वाक्य तुला कोणी दिलं?”

“सगळ्यांना शिकवतात. ते म्हणायचं आणि थोडं थांबायचं. भावनेला जागा द्यायची.”

“माझ्या भावनेला जागा नको, बाळा. तिचं घर आहे. तू मला काहीतरी विचार.”

“काय विचारू?”

“हे मी कसं सांगू? तुला कळायचं नाही का, समोर माणूस बसलंय?”

तो माझ्याकडे बघत राहायचा. आणि खाली खुर्चीच्या पायाला गाठी पडत राहायच्या.

जरा जरा सुधारला म्हणा. आकडे कमी झाले. पण नकार आला की अडायचा. तोंड मिटायचं, आणि मग तेच पुराण पहिल्यापासून. ज्याच्यापाशी उत्तर आहे त्याला नकार म्हणजे पेशंटनं प्रश्न नीट ऐकला नाही असंच वाटतं.

मार्चमध्ये मोना क्रिचचा फोन आला. खोट्या पेशंटांची सगळी व्यवस्था तीच बघते. बाई कामाची, पण फोनवर श्वास न घेता बोलते. संमतीची खोली, पित्ताचे खडे, ऑपरेशनला साफ नकार देणारी बाई, येता का? मी हो म्हटलं, आणि फोन ठेवल्यावर ध्यानात आलं की ती तर एल्डनची खोली. आता आमच्या कामाचा नियम असा की कोणता आजार आहे ते बाहेर चकार शब्द काढायचा नाही. पाद्र्यालासुद्धा नाही. मी हा नियम कधी मोडलेला नाही. मिसेस टकनं मोडलाय, पण तो विषय वेगळा. तेव्हा मी तालमी बंद केल्या. एक शब्द जास्त गेला असता तर पोराची परीक्षा नासली असती. जेवताना मी मासा वाढायचे आणि खाली मान घालून खायचे. आमच्या घराचा मॅनिटोबा झाला.

“आजी, माझं काही चुकलं का?” एके दिवशी त्यानं विचारलं.

“खा,” मी म्हटलं.

आणि परीक्षेच्या सकाळी मी सरळ मोनासमोर जाऊन उभी राहिले. “मोना, तो फ्रीसन माझ्या घरात राहतो. मला दुसरी खोली दे.”

“ड्रुसिलाकाकू, दुसऱ्या खोलीत मिसेस टक आहेत, त्या बदलायच्या नाही म्हणतात. आणि ह्या गावात ओळखीचा नसलेला पेशंट हवा तर मला तो टोरांटोहून विमानानं आणावा लागेल. तुमच्या बाजूच्या खोलीतल्या पोरीचा पेशंट तिच्या मावशीचा दीर आहे. तुम्ही बसा. फक्त त्याच्यापुरता तुमचा गुण धरायचा नाही.”

प्रत्येक उमेदवार गेला की आम्ही एक गुण देतो. ‘ह्या डॉक्टरकडे परत जाल का?’ एवढाच प्रश्न. माझा गुण धरायचा नाही! ह्या गावातल्या माणसांना, त्यांच्या सुनांना आणि त्यांनी भाजलेल्या पावांना मी जन्मभर गुण देत आले, न विचारता दिले, आणि सगळ्यांनी ते धरले. पण भांडायला वेळ नव्हता. “पास-नापास मग कोण ठरवणार?” मी विचारलं.

“डॉक्टर व्हार्डी. एकटेच.”

म्हणजे पोराचं सगळं त्या एका माणसाच्या हातात. मागच्या वेळी ज्यानं नापास केलं त्याच्याच.

गाऊन मी माझा स्वतःचा नेते. हॉस्पिटलचे गाऊन म्हणजे कागदी फडकी, वारा आला की तुमची अब्रू कॉरिडॉरभर. माझा जाड फ्लॅनेलचा आहे, निळी फुलं, आणि कडेला दोन लांब बंद, दुहेरी कापडाचे, मी हातानं शिवलेले. तो कपड्यांवरूनच चढवला, बंद मोकळेच ठेवले आणि पलंगाच्या काठावर बसले. कोपऱ्यात स्टुलावर व्हार्डी, गुडघ्यावर कागद लावलेली पाटी, चेहरा धुक्यातल्या खडकासारखा. सकाळपासून तीन-चार पोरं येऊन गेली. सगळ्यांना समजत होतं की हे माझ्यासाठी कठीण असेल.

मग एल्डन आला. दाराला कपाळ आपटलं नाही, ही सुरुवात बरी झाली. हात धुतले. माझ्याकडे वळला आणि त्याचा रंग उडाला. तरी शहाणा, ओळख दाखवली नाही.

“नमस्कार. मी डॉक्टर फ्रीसन. तुमचं नाव आणि जन्मतारीख सांगाल?”

मी सांगितली. त्याला माहीत होती. माझ्या वाढदिवसाचा केक त्यानंच संपवला होता.

खुर्ची ओढून तो पलंगाला लागून बसला आणि बोलायला लागला. खरं सांगते, मला अभिमान वाटला. पित्ताशय म्हणजे काय, खडे कसे होतात, छोट्या भोकांतून ते कसं काढतात, काय बिघडू शकतं, न काढलं तर काय होऊ शकतं. एकही अवघड शब्द नाही. व्हार्डींची पेन्सिल खरखरत होती.

“तर हे ऑपरेशन करून घ्यायला तुमची संमती आहे का?”

“नाही,” मी म्हटलं.

“मला समजतंय की हे तुमच्यासाठी कठीण असेल.” थांबला. भावनेला जागा दिली. “पण हे खडे जर नळीत अडकले तर—”

“नको मला.”

“कावीळ होऊ शकते, ताप, आणि मग तातडीनं—” आणि मध्येच त्याला स्वतःचाच आवाज ऐकू आला असावा. तो थांबला. खाली बघितलं, वर बघितलं. आणि गप्प झाला. ती त्याच्या बापाबरोबरच्या फोनवरची शांतता. व्हार्डींची पेन्सिल थांबली.

मी आतून ओरडत होते, विचार ना रे, काहीतरी विचार! पण आम्हाला दिलेल्या कागदात लिहिलेलं असतं ते असतं. डॉक्टरनं नुसतं रेटलं किंवा काहीच विचारलं नाही तर पेशंट घरी जायला उठते. मी वाट बघितली. मग म्हटलं, “मी निघते घरी,” आणि उठले.

उठता येईना. कमरेला हिसका बसला आणि मी परत पलंगावर. वाटलं गाऊन कुठे अडकला. पुन्हा उठले, जरा जोर लावून. ह्या वेळी पलंग निघाला माझ्याबरोबर. चाकांचा पलंग तो, कुरकुर करत हातभर माझ्या मागे आला, जत्रेतल्या गाढवासारखा.

तिघांनी खाली बघितलं. माझ्या गाऊनचे दोन्ही बंद पलंगाच्या दांडीला बांधलेले होते. नुसते बांधलेले नव्हते. एकावर एक, एकावर एक, दाण्यासारख्या सारख्या गाठी, दांडीभर.

एल्डननं आपला हात असा बघितला की जणू तो दुसऱ्याच कोणाचा.

व्हार्डी उठले. चष्मा चढवला, दांडीपाशी वाकले. “दोन्ही बंद?”

“हो, सर.”

“कुठल्या हातानं?”

“डाव्यानं असाव्यात. उजवा हात मांडीवर होता.”

“बघितलं नव्हतंस?”

“नाही, सर.”

व्हार्डींनी एका गाठीवर नख ओढून पाहिलं. ती हललीही नाही. क्षणभर त्या माणसाच्या तोंडावर असं समाधान पसरलं की मला वाटलं आता पेढे वाटतो. मग त्यांना आपण कुठे आहोत ते आठवलं.

“गाठी उत्तम आहेत,” ते म्हणाले. “पण फ्रीसन, ही संमतीची खोली आहे. आणि तू पेशंटला पलंगाला बांधलंयस. न विचारता.”

एल्डन खुर्चीवरून उठला.

“डॉक्टर,” मी म्हटलं, “मी आता पेशंट आहे का ड्रुसिला? एकदा ठरवा, त्याप्रमाणे तोंड उघडते.”

“घंटा होईपर्यंत पेशंट,” व्हार्डी म्हणाले. आणि कोटाच्या खिशातून कात्री काढून त्यांनी ती एल्डनसमोर धरली. “काप आणि आटप. बाहेर पोरं उभी आहेत.”

एल्डननं कात्री घेतली. माझ्या कडेला गुडघे टेकून बसला, एक बंद बोटात धरला, कात्रीचं तोंड उघडलं. आणि तिथेच थांबला.

“मिसेस स्नेलग्रोव्ह,” माझं आडनाव घेऊन तो म्हणाला, “कापू का?”

मी आधी कात्रीकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

“कापलं तर लगेच सुटाल. पण बंद आखूड होतील, परत बांधता येतील का शंका आहे. न कापता सोडवायचं तर वेळ लागेल, किती लागेल ते मला सांगता येत नाही, कारण गाठी जरा जास्तच घट्ट बसल्यात, चूक माझी आहे. आणि दोन्ही नको असेल तर...” त्यानं दाराकडे बघितलं. “पलंग दारातून जातो. मी ढकलत नेईन तुम्हाला.”

इतकं सरळ तो माझ्याशी घरातसुद्धा कधी बोलला नव्हता. पण मी त्याला भुलले वगैरे नाही. मला विचारलं तर मी माझं उत्तर देते.

“कापायचं नाही,” मी म्हटलं.

कारण साधं होतं. बंद माझे होते, दुहेरी शिवलेले, आणि चांगला कपडा कोणाच्या तरी घाईपायी कापू देणाऱ्यांतली मी नाही. पण ते मी सांगितलं नाही.

त्याचं तोंड उघडलं. मला सगळं दिसत होतं, ते पुराण त्याच्या घशापर्यंत चढलेलं दिसत होतं. बंद परत शिवता येतात. कापायला क्षणभर पुरतो. बरोबर तर तोच होता! माझा जीव टांगणीला लागला.

“फ्रीसन,” मागून व्हार्डी म्हणाले, “कापडाची चिंधी आहे ती. काप.”

चिंधी म्हणाले. माझ्या गाऊनला. मी तोंड उघडणार एवढ्यात एल्डननं मला विचारलं, “का नको, ते सांगाल?”

“नाही सांगणार.”

“बरं,” तो म्हणाला.

बस, एवढंच. उठला, कात्री उलटी करून, दांडा पुढे करून, त्यानं ती व्हार्डींना परत दिली. “सर, त्या नको म्हणाल्या.”

“मी बहिरा नाही. मी तुला कापायला सांगतोय.”

“हो, सर. पण गाऊन त्यांचा आहे.”

त्याचे कान लालभडक झाले होते. समोर उभा होता तो त्याचा धनी. ह्या माणसाच्या एका खुणेवर त्याचं पुढचं सगळं आयुष्य होतं आणि त्याच माणसाला तो नाही म्हणत होता, तेही इतक्या अदबीनं की चहा नको म्हटल्यासारखं. व्हार्डी त्याच्याकडे बघत राहिले. परीक्षा म्हणून कापायला सांगितलं की खरंच वैतागून, हे मला आजही ठाऊक नाही, आणि त्यांना विचारलं तर तेही खरं सांगायचे नाहीत. त्यांनी कात्री खिशात टाकली, स्टुलावर जाऊन बसले आणि पाटीवर काहीतरी लिहायला लागले. बराच वेळ लिहीत होते. काय लिहिलं ते दिसेना.

एल्डन खाली बसला. वरून हात पोचेना म्हणून अर्धा पलंगाखाली शिरला, खिशातून एक बारीक चिमटा काढला, आणि गाठी सोडवायला लागला. आणि काय सांगू, हात कामाला लागले तशी त्याची जीभही सुटली.

“तुम्हाला ऑपरेशनची भीती वाटते का?” पलंगाखालून आवाज आला. “म्हणजे, कशाची नेमकी?”

हाच तो प्रश्न. कागदात लिहिलेलं होतं, कोणी विचारलं तरच सांगायचं. सकाळपासून एकानंही विचारला नव्हता.

“माझी बहीण ह्याच ऑपरेशनला गेली होती,” मी म्हटलं. “परत आली नाही.”

खाली चिमट्याचा आवाज थांबला, मग परत सुरू झाला. “नाव काय होतं त्यांचं?”

कागदात बहिणीला नाव नव्हतं. कोणी विचारील असं कागद लिहिणाऱ्याला वाटलंच नसेल. “ऑर्फा,” मी म्हटलं. ऑर्फा माझी खरी बहीण. ठणठणीत आहे, बे रॉबर्ट्सला राहते, आणि माझं मोठं पातेलं नेऊन बसलीय. तिला एकदा मारायला काही हरकत नव्हती.

“मग आधी ऑर्फाबद्दल सांगा मला,” तो म्हणाला. “त्यांना काय झालं होतं, कुठे झालं. ऑपरेशनचं आजच ठरवायला पाहिजे असं नाही. दुखायला लागलं, ताप आला, डोळे पिवळे दिसले तर लगेच यायचं, तेवढं मात्र कबूल करा. बाकी तुम्ही विचार करा, मी परत येऊन बसेन. आणि तरी नको असेल तर नको.”

मी ऑर्फाचं मरण रंगवून सांगायला सुरुवात केली. इतकी रंगले की पातेलंही त्यात आलं. तेवढ्यात घंटा झाली.

एक बंद मोकळा झाला होता, दुसरा नाही. दार उघडून मोनानं डोकं आत घातलं. “डॉक्टर व्हार्डी, सरका आता, सगळा मजला अडलाय. आणि तो पलंगाखाली काय करतोय?”

“पुढची पाठव,” व्हार्डी मान वर न करता म्हणाले.

“पण हा अजून—”

“पेशंटनं कापू नका म्हटलंय. तो सोडवतोय. त्याला वेळ लागेल. पुढची पाठव.”

मोनानं माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघून कण्हले.

पुढची आली ती डॉक्टर बूद्रो, न्यू ब्रन्सविककडची, टापटीप पोरगी, हाडांची होणार आहे. हात धुतले. वळली. पलंगाखालून तिच्याच वर्गातल्या माणसाचे लांबच लांब पाय बाहेर आले होते, ते तिनं पाहिले. अगदी नीट पाहिले. पण पलंगाखालच्या माणसाचं काय करायचं हे त्यांना बहुतेक शिकवत नसावेत. तिनं ते पाय ओलांडले, खुर्चीवर बसली आणि म्हणाली, “नमस्कार, मी डॉक्टर बूद्रो. तुमचं नाव आणि जन्मतारीख सांगाल?”

मी सांगितली. तिनं पित्ताशय सांगितलं, खडे सांगितले. मी नको म्हटलं.

“मला समजतंय,” ती म्हणाली, “की हे तुमच्यासाठी कठीण—”

“सुटली!” खालून आरोळी आली.

एल्डन उलटा सरकत बाहेर आला, पलंगाच्या दांडीला कपाळ आपटलं, उभा राहिला. केसांत धुळीचे लोळे. त्यानं बंदाची टोकं हातावर सरळ करून पाहिली, एक धागाही तुटला नव्हता, आणि ती माझ्या मांडीवर ठेवून दिली. मग त्याला व्हार्डी आठवले. तो वळला आणि हात मागे बांधून उभा राहिला, शाळेतल्या पोरासारखा.

व्हार्डींनी पाटीवर एक रेघ ओढली. “पास,” ते म्हणाले. “आता बाहेर हो, फ्रीसन. ह्या बाईंना खडे झालेत, त्यांना त्रास देऊ नकोस.”

एल्डन दोन क्षण तिथेच उभा होता. मग गेला. दार लागलं आणि बाहेर कॉरिडॉरमध्ये कोणीतरी धावल्याचा आवाज आला, मग मोनाचं ओरडणं.

डॉक्टर बूद्रोनं दाराकडे बघितलं, व्हार्डींकडे बघितलं, आणि मग आल्यापासून पहिल्यांदाच स्वतःच्या मनानं मला एक प्रश्न विचारला. “हे... काय चाललं होतं?”

“ते राहू दे, पोरी,” मी म्हटलं. “तू माझ्या खड्यांचं बोल.”